भाजणावळ

दिवाळीला आठ-दहा दिवस उरले की साताऱ्याच्या यादोगोपाळ पेठेतल्या आमच्या घरात आई एकच चौकशी पुन्हा पुन्हा करीत असे : भट्टीवर आपला नंबर कधी लागतो? चकली, चिवडा, अनारसे यांचे वेळापत्रक तिच्या हातात होते. नानकटाईचे मात्र भट्टीवाल्या चाचांच्या हातात होते. ही गोष्ट १९८०च्या दशकातली. ओव्हन असलेले एकही घर आमच्या माहितीत नव्हते आणि नानकटाई विकत आणणे आईला कमीपणाचे वाटे. त्यामुळे मैदा, रवा, पिठीसाखर आणि वनस्पती तूप घरून मोजून न्यायचे, बेकरीतल्या माणसांकडून मळून, वळून, भाजून घ्यायचे आणि पत्र्याच्या डब्यात भरून घरी आणायचे, असा रिवाज होता. पावाचे काम आटोपल्यावर, म्हणजे बहुधा रात्री दहाच्या पुढे, आमचा नंबर लागे.

आम्ही भावंडे मैद्याच्या रिकाम्या पोत्यांवर बसून पाहत असू. एक माणूस मोठ्या परातीत तूप आणि पिठीसाखर तळहाताने इतका वेळ फेसत असे की, पिवळट तूप पांढरे होऊन लोण्यासारखे हलके दिसू लागे. मग त्यात मैदा पडे, आणि त्यानंतर त्याचा हात एकदम हळू चाले. आधी एवढी दांडगाई आणि नंतर एवढी नाजूक वागणूक का, हे मला कळायला तीस वर्षे जावी लागली. काळ्या पत्र्यावर ओळीने गोळे मांडले जात, प्रत्येक पत्र्यावर आडनावाची चिठ्ठी ठेवली जाई, आणि लांब दांड्याच्या फळीवरून तो पत्रा भट्टीच्या लाल तोंडात नाहीसा होई. बाहेर आलेली नानकटाई हातात घेतली की मोडे. "थंड होऊ दे, मग ती उभी राहते," असे चाचा म्हणत.

शेवटी आई विचारी, "भाजणावळ किती झाली?" चाचा किलोवर हिशेब करून आकडा सांगत आणि आई तो मुकाट्याने देत असे. कोथिंबिरीच्या जुडीमागे चार आणे सोडवून घेणाऱ्या माझ्या आईने भाजणावळीत घासाघीस केल्याचे मला आठवत नाही.

हा शब्द मी अलीकडे पुन्हा वापरू लागले आहे, आणि कशासाठी, ते सांगण्यासाठीच हे लिहीत आहे.

मी एका पतसंस्थेत बावीस वर्षे हिशेबनीस म्हणून काम करते. बेकिंग हा माझा छंद आहे, असे मी बरीच वर्षे म्हणत आले. लग्नानंतर कुकरमध्ये वाळू घालून, शिट्टी आणि रिंग काढून केक केले. मग काचेचे झाकण असलेला ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन आला. मुलगी दहावीला असताना टेबलावर ठेवायचा मोठा ओव्हन घेतला. या प्रवासात सांगण्यासारखे फारसे काही नाही. सांगण्यासारखे आहे ते त्याच्याशेजारी नंतर येऊन बसलेल्या डिजिटल काट्याबद्दल. आमच्या घरात स्वयंपाक हा नजरेचा आणि मुठीचा मामला. आमटीत गूळ किती, तर ‘लागेल तेवढा’. पुरणाला पाणी किती, तर ‘बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत’. मोजून करणाऱ्या सुनेला आजी ‘वाणीण’ म्हणत असे. मीही त्याच वळणाची. पण भाजीत मीठ जास्त पडले तर बटाटा घालता येतो, ओव्हनमध्ये शिरलेल्या केकमध्ये नंतर काहीही घालता येत नाही. बिनअंड्याच्या केकमध्ये दही आणि खायचा सोडा एकत्र आले की, आंबटपणामुळे त्याच क्षणी वायू सुटू लागतो. मिश्रण तयार करून आपण फोनवर दहा मिनिटे बोललो, तर तो वायू उडून जातो आणि केक दडस होतो. मैदा पडल्यावर फार फेटले तर त्यातले ग्लुटेन ताणून चिवट होते. भट्टीवरचा तो माणूस आधी दांडगाई आणि नंतर नाजूकपणा करीत असे, त्याचे कारण हेच. त्याला ग्लुटेन हा शब्द ठाऊक असेल-नसेल, त्याच्या हाताला ठाऊक होते.

ओव्हनच्या आत ठेवायचा एक छोटा तापमापक मी विकत आणला, तेव्हा कळले की बटणावर १८० लिहिले असले तरी आत १६५च्या आसपास तापमान असते, आणि मागच्या डाव्या कोपऱ्यात ठेवलेली नानकटाई बाकीच्यांपेक्षा तीन मिनिटे आधी लाल होते. त्या दिवसापासून मी दर नऊ मिनिटांनी ट्रे फिरवते. लोकांना हे कंटाळवाणे वाटते. मला मात्र त्यात ताळेबंद जुळल्यासारखे समाधान मिळते, आणि कदाचित म्हणूनच हे काम करावे की काय, असा विचार माझ्या मनात शिरला असावा.

तो प्रत्यक्षात शिरला २०२०मध्ये. मार्चच्या अखेरीस सगळे बंद झाले, बेकऱ्यांचा भरवसा राहिला नाही, आणि आमच्या इमारतीतल्या मुलांचे वाढदिवस काही थांबले नाहीत. त्या वर्षी मी सात-आठ केक केले आणि एकाचेही पैसे घेतले नाहीत. टाळेबंदी संपल्यावर खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मुंबईच्या लेकीसाठी दोन किलो नानकटाई सांगितली आणि बजावून सांगितले, "हे बघ, फुकट नेणार नाही. किती द्यायचे ते सांग." मी म्हणाले, "काकू, तुम्हाला काय वाटेल ते द्या." रोज लाखांच्या ठेवींची बेरीज करणाऱ्या बाईचे हे वाक्य. काकूंनी किलोला ३२० रुपये दिले, वर एक नारळ दिला, आणि मी धन्य झाले.

रात्री सवयीप्रमाणे वही काढली. एक किलो नानकटाईला मैदा साडेतीनशे ग्रॅम, बेसन पाऊणशे, रवा पन्नास, पिठीसाखर अडीचशे आणि साजूक तूप तीनशे ग्रॅम. वनस्पती तुपाची नानकटाई अधिक खुसखुशीत होते, हे मी खासगीत कबूल करीन. पण आता लोक ‘साजूक तुपातली’ याच विशेषणाचे पैसे देतात. एकट्या तुपाचेच १९५ रुपये झाले. बाकी साहित्य, वेलदोडा आणि जायफळ धरून २४८. अर्ध्या किलोचे दोन डबे २४. माझा ओव्हन दीड किलोवॅटचा. एका ट्रेवर सोळा नानकटाया बसतात आणि किलोत पन्नास, म्हणजे तासभर ओव्हन, दीड युनिट, १२ रुपये. एकूण २८४. उरले ३६ रुपये. त्या छत्तीस रुपयांसमोर चाळणे, फेसणे, वळणे, भाजणे, थंड करणे, भरणे आणि भांडी घासणे असे अडीच तास होते, आणि त्यांना द्यायला वहीत रकानाच नव्हता.

रकाना आखला तर त्याला नाव काय द्यायचे, इथे मी अडले. आपल्या भाषेत प्रत्येक कष्टाच्या मोलाला शब्द आहे. दळण्याची दळणावळ, कांडण्याची कांडणावळ, शिवण्याची शिवणावळ, धुण्याची धुणावळ, सोनाराची घडणावळ. किती घरंदाज शब्द आहेत हे! त्यात ना उपकार आहे ना लाज. वस्तू तुमची, हात माझा, हाताचे इतके. पण रांधणावळ? हा शब्द निदान माझ्या कानावर तरी कधी आलेला नाही. पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना आपण ‘पोळ्यांचे पैसे’ देतो, आणि घरातल्या बाईच्या रांधण्याला तर तेही नाही. तिच्या हाताला ‘चव’ असते.

यामागे काहीतरी जुने आहे. माझ्या आजीच्या पिढीत अन्नदान हे पुण्य होते आणि अन्नविक्रय हा जवळजवळ दोषच. गरीब विद्यार्थ्याला वार लावून जेवू घालणारी घरे सन्मानाने सांगितली जात. जेवणाचे पैसे घेणाऱ्या घराबद्दल बोलताना आवाज खाली येई. आमच्याच नात्यात असे घर होते. वडिलांची थोरली बहीण, माझी आत्या, लालबागच्या एका चाळीत खानावळ चालवीत असे. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि कोकणातून गिरणीत आलेले, बायकामुले गावी ठेवून राहिलेले पुरुष तिच्याकडे महिन्याच्या बोलीने जेवत. दहा बाय बाराच्या खोलीत पाळ्यांनी पंगती उठत. न जेवलेल्या वेळेचा ‘खाडा’ धरायचा असे, आणि कोणाचे किती खाडे झाले, त्याच्या कोळशाने ओढलेल्या रेघा मोरीजवळच्या भिंतीवर असत. रविवारी फीस्ट. साताऱ्याला आली की घरातली मंडळी कौतुकाने म्हणत, "पंधरा-पंधरा माणसांना जेवू घालते हो!" ती लगेच दुरुस्त करी, "जेवू घालत नाही. खानावळ चालवते."

तिच्यासारख्या खानावळवाल्या बायकांची अडचण अशी असे की, वाण्याकडून माल उधारीवर आणायचा, जेवणाऱ्यांचे पैसे पगार झाल्यावर यायचे, आणि मधला महिना सावकाराचे व्याज खायचे. गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, ते याच बायकांना एकत्र आणून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी. पतसंस्थेत काम करणाऱ्या मला त्यातले मर्म अधिक नेमके दिसते : ज्या बाईकडे गहाण ठेवायला काही नव्हते, तिचे रांधणे हाच तिचा धंदा आहे, असे त्या कर्जाच्या कागदावर प्रथमच लिहिले गेले. आत्याची खानावळ १९८२च्या गिरणी संपात मोडली. जेवणारे गावी गेले आणि भिंतीवरचे हिशेब भिंतीवरच राहिले. ती पुढे कधी त्याबद्दल कडवट बोलली नाही, पण एकदा मला म्हणाली होती की, तांदूळ, डाळ, रॉकेल सगळे ती पैशापर्यंत मोजत असे, फक्त स्वतःला मोजायचे राहून गेले.

याच्या उलट उदाहरण त्याच मुंबईत होते. गिरगावातल्या सात बायकांनी १५ मार्च १९५९ रोजी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, ती ‘लिज्जत’ची सुरुवात. तिथे पीठ संस्थेचे असते आणि बाई ते घरी नेऊन लाटते. लाटण्याच्या मजुरीला तिथे ‘वणाई’ म्हणतात. गुजराती वळणाचा शब्द आहे, पण आहे. नाव आहे म्हणून ती वेगळी मोजता येते, हे मला हिशेबनीस म्हणून फार महत्त्वाचे वाटते.

मी माझ्या वहीत चौथा रकाना आखला आणि वर ‘भाजणावळ’ लिहिले. किलोमागे १५० रुपये. भाव ४३४ झाला, तो ४४० केला, म्हणजे अर्ध्या किलोचा डबा २२०ला. आकडा लिहिणे सोपे होते. तो उच्चारणे मला पुढचे दीड वर्ष जमले नाही. विचारणाऱ्याला मी किंमत मोबाइलवर लिहून पाठवीत असे आणि नंतर दहा मिनिटे मोबाइल पालथा ठेवीत असे.

दरम्यान कायदेशीर बाजू पुरी केली. घरातून खाद्यपदार्थ विकणाऱ्यालाही अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ लागू होतो. मी केली तेव्हा वर्षाला बारा लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांसाठी साधी नोंदणी होती आणि तिचे शुल्क वर्षाला शंभर रुपये होते. ऑनलाइन अर्ज, फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, आणि मग चौदा आकडी क्रमांक. तो क्रमांक डब्यावर छापायचा, त्याबरोबर घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे, निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, किंमत, पत्ता, आणि शाकाहारासाठी हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका. अंडे घातले की ठिपका बदलतो. आमच्या भागात गुरुवार, चतुर्थी, एकादशी आणि श्रावण यांमुळे बिनअंड्याचीच मागणी अधिक आहे, त्यामुळे माझा ठिपका हिरवाच राहिला. पहिले लेबल छापून आले, तेव्हा त्यावर घरातल्या कुठल्याही बिलावर नसलेले माझे पूर्ण नाव होते. मुलीने ते फ्रिजवर चिकटवले.

क्रीमचे केक मात्र मी सोडून दिले, आणि त्याला कारणीभूत झाला एक गतिरोधक. मे महिन्यातल्या एका दुपारी दीड किलोचा दुमजली केक स्कूटरवर पायांमध्ये ठेवून मी शाहूपुरीतून पोवई नाक्याकडे निघाले होते. खोक्यात बर्फाची पाकिटे होती, वरून ओला टॉवेल होता, आणि तरीही गतिरोधकावरून गाडी उतरताना खोके हलक्याने एकीकडे कलले, एवढेच मला जाणवले. दार उघडणाऱ्या मुलीने खोके उघडले तेव्हा वरचा मजला खालच्या मजल्यावरून सरकून पुठ्ठ्याला टेकला होता आणि ‘वाढदिवसाच्या’ हा शब्द पुठ्ठ्यावर उलटा उमटला होता. ती मुलगी सहा वर्षांची होणार होती. ती रडली नाही; तिने बोटाने पुठ्ठ्यावरचे क्रीम पुसून खाल्ले आणि आईला म्हणाली, "छान आहे." आईने पैसे देऊ केले. मी घेतले नाहीत, आणि घरी येऊन बऱ्याच वेळाने लक्षात आले की, या चुकीचा राग मला आला होता तो करणारी म्हणून, नुकसानाची बेरीज मात्र मी केलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी केली. ६४० रुपये होते. त्या दिवशी मी ठरवले की, जे पदार्थ थंड झाल्यावर स्वतःच्या पायावर उभे राहतात, तेवढेच विकायचे : नानकटाई, नाचणीची बिस्किटे, साधा लोफ केक.

नोकरी सोडावी का, हा प्रश्न घरात अधूनमधून निघतो. नवरा म्हणतो, "तुला आवडते ते कर." सल्ला चांगला आहे, पण अपुरा आहे. मला जे आवडते ते म्हणजे रविवारी दुपारी, कोणी मागितलेले नसताना, नवीन प्रमाण धरून काहीतरी करून पाहणे आणि ते बिघडले तर हसणे. विकायचे तेव्हा याच्या नेमके उलटे करावे लागते : गेल्या वेळेस झाले तस्सेच पुन्हा करायचे, पन्नासावी नानकटाई पहिलीसारखीच दिसली पाहिजे, आणि आपले डोके दुखत असले तरी शनिवारी संध्याकाळी डबा तयार पाहिजे. ही आवड मोठी झाली की तिचा व्यवसाय होतो, असे लोक समजतात. माझा अनुभव असा की, व्यवसाय ही निराळीच वस्तू आहे आणि तिचीही आवड निर्माण होऊ शकते, पण ती काट्याची, वेळेची आणि एकसारखेपणाची आवड असते. ती मला आहे. रविवारची आवडही आहे. दोघी एकाच ओट्यावर नांदतात, पण एका वेळी नाही.

मागच्या दिवाळीत एका कार्यालयाने साठ किलो नानकटाई विचारली. माझ्या ओव्हनच्या हिशेबाने ते साठ तास झाले. मी आमच्या जुन्या भट्टीवर गेले. चाचा नाहीत, त्यांचा मुलगा बसतो, तोही आता पिकल्या दाढीचा. लाकडाची भट्टी जाऊन डिझेलवर चालणारा, आत ट्रॉली फिरणारा ओव्हन आला आहे. पीठ मी मळून आणीन, फक्त भाजून द्या, असे मी सांगितले. त्याने मान वर न करता विचारले, "किती किलो?" मी आकडा सांगितला. "किलोला चाळीस," तो म्हणाला. ना संकोच, ना प्रस्तावना. मी त्याच्याकडे इतका वेळ पाहत राहिले की, त्याला वाटले मला महाग वाटले. शेवटी ती मागणी मी वीस किलोवर आणली, कारण मळणार आणि वळणार मी एकटीच होते आणि पतसंस्थेत सहामाहीचे काम होते. पण पोत्यांऐवजी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून रात्री अकरा वाजता ट्रेवर माझ्या नावाची चिठ्ठी लागताना पाहिली.

नोकरी अजून सोडलेली नाही. मंगळवारपर्यंत मागण्या घेते, शनिवारी भाजते, आठ किलोंच्या वर घेत नाही. गेल्या आठवड्यात एका अनोळखी बाईंचा फोन आला. "ताई, नानकटाई कशी किलो?" मी मोबाइलवर लिहून पाठवते असे म्हणणार होते, पण हात पिठाचे होते. "चारशे चाळीस," मी म्हणाले. पलीकडे क्षणभर शांतता. "थोडे कमी करा ना. घरचेच तर आहे."

वही समोर उघडीच होती. मी ती वाचून दाखवली : तूप, मैदा, बेसन, रवा, साखर, डबे, वीज, भाजणावळ.

"भाजणावळ म्हणजे?" त्यांनी विचारले.

मग मी त्यांना यादोगोपाळ पेठेतली भट्टी सांगितली. त्यांचे माहेर वाईचे निघाले. त्यांच्याकडेही डबे घेऊन भट्टीवर जात असत आणि त्यांची आईही भाजणावळ देत असे. आमचे बोलणे बरेच लांबले, इतके की दह्यात घातलेला सोडा वाया गेला आणि लोफ केकचे मिश्रण मला नव्याने करावे लागले. त्यांनी एक किलो सांगितली.